कोर्सिकाना १९०२: चौथं अपडेट, आणि ५१-३ चा हिशोब

मागचं अपडेट टाकून दीड महिना झाला, मध्ये ऑफिसचं काम आणि मुलीच्या परीक्षा, त्यामुळे रोज रात्री जेवण झाल्यावर तासभर मिळायचा तेवढाच, पण एका बेसबॉल टीमचा १९०२ चा सीझन जुन्या पेपरांतून उतरवायचं हे काम थांबलेलं नाही आणि या वेळी सांगण्यासारखं बरंच आहे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. कोर्सिकाना हे टेक्सासमधलं छोटं गाव, डॅलसच्या खाली साधारण ५५ मैलांवर. १८९४ मध्ये गावाला पाणी हवं म्हणून विहीर खणायला घेतली आणि लागलं तेल. पाच-सहा वर्षांत गावात रिफायनरी आली, पैसा आला, आणि १९०२ मध्ये टेक्सास लीग पुन्हा उभी राहिली तेव्हा डॅलस, फोर्ट वर्थ, वेको या मोठ्या नावांच्या शेजारी हे जेमतेम नऊ हजार वस्तीचं गाव स्वतःची टीम घेऊन उतरलं. टीमचं नाव ऑइल सिटीज, नंतर लोक ऑइलर्स म्हणायला लागले. मालक डोक रॉबर्ट्स, तिथलाच माणूस, पुढे हाच लीगचा प्रेसिडेंट झाला. मॅनेजर माइक ओ'कॉनर, आणि तो स्वतः फर्स्ट बेसवर (रन काढताना गाठायच्या चार टप्प्यांतला पहिला) खेळायचा. मायनर लीग्जची (मोठ्या मेजर लीगच्या खालच्या लीग) राष्ट्रीय संघटनाच मुळी १९०१ च्या सप्टेंबरमध्ये शिकागोला स्थापन झालेली, म्हणजे हा तिचा पहिलाच सीझन, आणि टेक्सास लीगला मिळालेला दर्जा क्लास डी, सगळ्यात खालचा. मी इरव्हिंगला राहतो, गाव तासाभराच्या अंतरावर, म्हणून हा सीझन मॅच-मॅच करून स्प्रेडशीटमध्ये उतरवायला घेतलाय.

पण आपण सगळे ज्या मॅचसाठी कोर्सिकानाचं नाव ओळखतो तिच्यापाशी मी अडकलो. १५ जून १९०२, कोर्सिकाना ५१, टेक्सारकाना ३. कोर्सिकानाच्या ५३ हिट्स (बॉल मारून बेस गाठला की एक हिट). आणि जे क्लार्क नावाचा १९ वर्षांचा कॅनडाचा पोरगा, कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल झेलणारा), त्याने ८ वेळा बॅट उचलली आणि आठही वेळा होम रन (बॉल फेन्सबाहेर, एका फटक्यात चारही बेस), १६ आरबीआय (त्याच्या फटक्यांवर आलेले रन). (त्याचं टोपणनाव रंगावरून ठेवलेलं, मी ते लिहिणार नाही, पण जुन्या पेपरांमध्ये शोधताना तेच टाकावं लागतं नाहीतर काही सापडत नाही हे लक्षात ठेवा.)

आकडा किती मोठा आहे ते त्या वर्षाच्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. १९०२ मध्ये अख्ख्या नॅशनल लीगमध्ये (दोन मेजर लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) सगळ्यात जास्त होम रन टॉमी लीचचे, आणि ते होते ६. पूर्ण सीझनचे सहा! अमेरिकन लीगमध्ये सॉक्स सीबोल्डचे १६. आणि इथे एका दुपारी एकट्याचे ८. तारयंत्रावाल्यांना ही बातमी पाठवताना आकडा चुकलाय असं वाटलं आणि काही पेपरांत ५-३ असं छापून आलं अशी एक गोष्ट सांगतात, आणि मला ती अगदी पटते, कारण मी तिथे बसलो असतो तर मीही आधी उलट विचारलं असतं.

आता मैदान. ही मॅच कोर्सिकानात झालीच नाही. १९०२ चं कॅलेंडर काढून बघितलं, १५ जून रविवार येतो. रविवारी बेसबॉल खेळायला गावात बंदी होती म्हणून मॅच रेल्वेलाइनवरच्या एनिसला नेली, वीसेक मैल उत्तरेला. तिथलं ग्राउंड लहान, आणि उजवीकडची फेन्स फारच जवळ. किती जवळ, तर कुठे २१० फूट वाचायला मिळतं, कुठे १४० सुद्धा. आजच्या मोठ्या मैदानांत ती साधारण ३२५-३३० फुटांवर असते. क्लार्क डावखुरा बॅटर, म्हणजे त्याचा जोरात ओढलेला बॉल बरोबर त्याच बाजूला जाणार. मागच्या शनिवारी आम्ही एनिसला जाऊन आलो. बायको म्हणाली तिथे आता बघायला काय आहे, पण मला फक्त २१० फूट म्हणजे किती ते पायाने मोजून बघायचं होतं. एका मोकळ्या पार्किंगमध्ये मी ७० यार्ड चाललो आणि वळून बघितलं तर बायकोच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीचा रंगसुद्धा दिसत होता. तेव्हा कळलं की पिचरला (बॉल टाकणाऱ्याला) तिथे उभं राहून काय वाटत असेल.

आणि आता ज्यावर माझे तीन आठवडे गेले ते. मला प्रश्न पडला की क्लार्कला ८ च वेळा बॅटिंग कशी मिळाली. साधा हिशोब आहे, मैदानात आलेला प्रत्येक बॅटर एक तर आउट होतो, नाहीतर रन काढतो, नाहीतर इनिंग संपताना बेसवर अडकून राहतो. कोर्सिकानाने पूर्ण नऊ इनिंग बॅटिंग केली असेल तर (इनिंगला तीन आउट) २७ आउट अधिक ५१ रन म्हणजे ७८, त्यात बेसवर अडकलेले मिळवायचे. आता नऊ जणांची ऑर्डर फिरते, त्यात सातव्या नंबरच्या बॅटरची नववी पाळी ७९ व्या वेळी येते, आठव्याची ८० व्या आणि नवव्याची ८१ व्या वेळी. म्हणजे क्लार्कला खरोखर ८ च पाळ्या मिळाल्या असतील तर तो सातव्या ते नवव्या नंबरावरच असला पाहिजे, आणि अख्ख्या मॅचमध्ये बेसवर जास्तीत जास्त २ जण अडकले असले पाहिजेत. ५३ हिट्सच्या मॅचमध्ये दोनच? अवघड वाटतं.

पण त्या काळात आधी बॅटिंग घ्यायची की नंतर हे यजमान कॅप्टन ठरवू शकायचा, हा नियम विसरू नका. टेक्सारकानाने आधी बॅटिंग केली असेल तर कोर्सिकानाला नवव्या इनिंगमध्ये बॅट घ्यायची गरजच नव्हती, मग आउट २४ आणि बेरीज ७५. तसं धरलं तर क्लार्क चौथ्यापासून पुढे कुठेही बसतो, आणि नवव्या नंबरवर असेल तर ५ जण अडकलेले चालतात. तिसरी शक्यता अशी की त्याला एखादा वॉक (चार चुकीच्या बॉलवर फुकट मिळणारा बेस) मिळाला, कारण वॉक ॲट-बॅटमध्ये (बॅटिंगच्या अधिकृत मोजणीत) धरत नाहीत, म्हणजे ८ पैकी ८ हा आकडा तसाच राहून पाळी मात्र नववी निघते. मला हीच सगळ्यात जवळची वाटते. इतक्या होम रन खाल्ल्यावर कोणीतरी एकदा तरी बॅटपासून लांब बॉल टाकलाच असेल ना. छापलेले बॉक्स स्कोर (मॅचच्या आकड्यांचे तक्ते) सगळीकडे सारखे नाहीत, टीमच्या एकूण होम रनचा आकडासुद्धा कुठे १६ कुठे २१ येतो, म्हणून मी स्प्रेडशीटमध्ये तिन्ही शक्यतांचे वेगळे कॉलम ठेवलेत आणि एकही पुसलेला नाही.

टेक्सारकानाच्या पिचरबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्याचं नाव डेविट. टीमच्या मालकीशी त्याचा घरचा संबंध होता म्हणून त्याला काढलं नाही असं सांगतात, कारण काहीही असो, तो शेवटपर्यंत बॉल टाकत राहिला. वरच्या हिशोबाने कमीत कमी ७५ बॅटर त्याच्यासमोर येऊन गेले. आपल्याकडचं उदाहरण आठवतं ते भाऊसाहेब निंबाळकरांचं, पुण्यात डिसेंबर १९४८ मध्ये, नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त ९ कमी, आणि काठियावाडने मॅच सोडून दिली. ती सल आपल्याकडे अजून आहे. एनिसला मात्र टेक्सारकानाने मॅच सोडली नाही, आणि म्हणूनच क्लार्कचा आठवा होम रन नोंदीत आला. लोक डेविटचं नाव हसण्यासाठी घेतात, मला ते अजिबात आवडत नाही. त्याची टीम त्याच सीझनमध्ये मध्येच बंद पडली.

क्लार्क पुढे क्लीव्हलँडच्या टीमकडे गेला, मेजर लीगमध्ये ५०० च्या वर मॅच खेळला, आणि एकूण होम रन किती, तर ६. पूर्ण करिअरचे सहा. पण २ ऑक्टोबर १९०८ ला पिचर ॲडी जॉसने पर्फेक्ट गेम (एकाही बॅटरला बेस गाठू न देता पूर्ण मॅच) टाकला तेव्हा मास्क घालून मागे बसलेला कॅचर हाच. नंतर पहिल्या महायुद्धात मरीन्समध्ये गेला. म्हणजे नुसता छोट्या फेन्सचा चमत्कार म्हणून त्याला सोडून देता येत नाही.

आणि टीमलाही नाही. माझं या प्रोजेक्टमागचं खरं म्हणणं हेच आहे. त्याच सीझनमध्ये कोर्सिकानाने सलग २७ मॅच जिंकल्या. सगळ्या काही एनिसला नव्हत्या, डॅलसची फेन्स काही २१० फुटांवर नव्हती. २७ चा हा आकडा १९२१ मध्ये बॉल्टिमोरने गाठला आणि थेट १९८७ मध्ये सॉल्ट लेकच्या ट्रॅपर्सनी २९ करून मोडला, म्हणजे ८५ वर्षं तेलाच्या विहिरींच्या या गावाचं नाव त्या ओळीत सगळ्यात वर होतं. तरी कोणालाही विचारा, ५१-३ माहीत असतं आणि २७ माहीत नसतं.

पुढचं काम आता ते. या सलग २७ विजयांच्या मॅच मी डॅलस आणि फोर्ट वर्थच्या पेपरांतून काढतोय, ओसीआरवर (फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरवर) विसंबू नका, बारीक टाइपात ३ चा ८ होतो आणि सगळी बेरीज बिघडते, मी आता प्रत्येक बॉक्स स्कोर पानाचा फोटो मोठा करून हाताने उतरवतो आणि रन-आउट-अडकलेले ही बेरीज जुळली तरच हिरवा रंग देतो. आत्तापर्यंत ११ मॅच हिरव्या झाल्यात. ज्यांच्याकडे टेक्सारकानाच्या बाजूचे जून १९०२ चे पेपर मायक्रोफिल्मवर बघायची सोय आहे त्यांनी फक्त एकच बघून सांगा, १६ आणि १७ जूनच्या अंकात बॅटिंग ऑर्डर छापली आहे का आणि क्लार्क कितव्या नंबरवर आहे. पहिल्या सहात असेल तर एक कॉलम आजच पुसता येईल.