उलट फिरलेले पाते

ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावात मे महिन्याच्या शेवटी पारा ४५ च्या पुढे असतो आणि अशाच दिवसांत कधी तरी संध्याकाळी अचानक वावटळ उठून विजेच्या तारा तुटतात. त्या वर्षीही तसेच झाले. रात्रभर गाव अंधारात होते, पहाटे डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, काम झाले आणि सकाळी आठच्या सुमारास वीज आली. एका घराच्या सागवानी चौकटी मला त्या दिवशी चिरून द्यायच्या होत्या, म्हणून पुतण्याला मी आधीच माझ्या सुतारकामाच्या कारखान्यात पाठवले होते. तो आयटीआयमधून सुतारकाम शिकून आलेला होता आणि माझ्याकडे येऊन त्याला सहा महिने झाले होते.

मी पोहोचलो तेव्हा त्याने टेबलावरचा भुसा झाडून पहिली फळी बाजूला काढून ठेवली होती. मी आत शिरणार तोच शेजारचे शेतकरी दादा दारात आले. वांग्याच्या वाडीला पाणी देण्यासाठी ते पहाटेपासून वीज येण्याची वाट पाहत होते. ते म्हणाले, "मिस्त्री, मोटर तं चालू हाये, पण पाणीच नाही येऊन राहिलं." मी वर पाहिले तर आमचा पंखा नेहमीसारखाच फिरत होता. परंतु पंखा आणि दिवे सिंगल फेजवर, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एकीवरच चालतात, त्यांना उलटसुलट काही कळत नाही. तीन फेजच्या मोटरचे तसे नाही. तारा जोडताना तिन्हींपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलट फिरू लागते. बोअरचा पंप उलट फिरला की त्याचा आवाज येतो, मीटरवर विजेचा आकडाही दिसतो, पण पाणी वर चढत नाही. दादांचा पंप आणि माझे कटर मशीन, म्हणजे गोल पात्याने लाकूड चिरणारे टेबल, एकाच डीपीवर होते.

हे सगळे माझ्या मनात जुळेपर्यंत मागे स्टार्टरचे हिरवे बटण दाबल्याचा खटका ऐकू आला. मी ओरडलो, "फळी लावू नको, मागं हो!" आणि धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला. पुतण्याने दोन्ही हात वर उचलले आणि तो बाजूला झाला. फळी पात्यापासून हातभर अंतरावर होती. आमच्या मशीनला ब्रेक नाही, त्यामुळे पाते थांबण्यास बराच वेळ लागला आणि तोपर्यंत आम्ही दोघेही एक शब्द बोललो नाही.

माझे पाते १२ इंची आहे आणि ते मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेते, म्हणजे दाताच्या टोकाचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या वर जातो. नीट फिरताना पात्याच्या समोरच्या बाजूचे दात वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. उलट फिरताना तेच दात खालून वर उठतात, लाकूड उचलतात आणि ढकलणाऱ्याच्या हातासकट पुढे खेचू शकतात. त्याहून मोठी भीती नटाची होती. पाते शाफ्टवर बसवणाऱ्या नटाचे आटे अशा बाजूचे असतात की नेहमीच्या दिशेने काम करताना नट आवळत जावा. दिशा उलटली की मोटर सुरू होतानाचा तोच झटका नट सैल करतो. मेन स्विच बंद आहे याची खात्री करून मी पात्याजवळचे झाकण उघडले आणि नटाला हात लावला. जो नट एरवी मोठ्या पान्याने जोर लावल्याशिवाय सुटत नाही, तो बोटांनी पाव फेरा फिरला. पुतण्या हे पाहत होता. "मोठेबाबा, मी बटण दाबण्याआधी पाहायला पाहिजे होतं," इतकेच तो म्हणाला. मी त्याला रागावलो नाही, कारण लाइन दुरुस्त झाल्यावर फेजची दिशा तपासावी हे मी त्याला तोवर सांगितलेच नव्हते.

आमच्या मशीनमागच्या भिंतीला एक खड्डा आहे. अनेक वर्षांपूर्वी सागाची एक फळी चिरताना तिच्या अंगातला ताण सुटला, कापाची फट मिटली आणि मागच्या दातांनी ती फळी उचलून माझ्या कमरेजवळून भिंतीवर फेकली होती. मी एका बाजूला उभा होतो म्हणून वाचलो. तो खड्डा मी मुद्दाम बुजवला नाही. त्यानंतर पात्याच्या मागे मी २.५ मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी बसवली. ती पात्याच्या २.२ मिलिमीटर पत्र्यापेक्षा जाड आणि दातांच्या ३.२ मिलिमीटर कापापेक्षा पातळ आहे, त्यामुळे फट मिटत नाही. बाजूची गाइड पट्टी पात्याला समांतर आहे का, हे मी एकाच दाताला खूण करून तो दात आधी पुढे आणि मग मागे आणून मोजतो, कारण वेगवेगळ्या दातांवरून घेतलेले माप फसवते. मागच्या बाजूला गाइड थोडीशीही आत आली, तर लाकूड पात्यात अडकते. हे सर्व पुतण्याला येत होते. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवणे, हातमोजे न घालणे, शेवटची वीतभर फळी काठीने ढकलणे, हेही त्याच्या अंगवळणी पडले होते. उणीव राहिली ती विजेच्या बाजूची.

म्हणून तारा बदलण्याआधी मी त्याला स्टार्टर उघडून दाखवला. शेतातल्या पंपांना लोक ऑटो बसवतात, म्हणजे रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. शेतकऱ्याला रात्री-अपरात्री बांधावर जावे लागू नये म्हणून ती सोय ठीकच आहे, पण पाते फिरवणाऱ्या मशीनला ती असूच नये. माझा स्टार्टर जुना घेतलेला होता आणि त्यातला ऑटो मी पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. त्यामुळे वीज गेली की स्टार्टर पडतो आणि हिरवे बटण दाबेपर्यंत मशीन मुकाट उभे राहते.

आपल्याच स्टार्टरमधील दोन तारा बदलल्या की काम दहा मिनिटांत झाले असते. परंतु पुढे डीपीवर कोणी चूक दुरुस्त केली असती, तर आमचे मशीन पुन्हा न कळत उलटे झाले असते. दादा लाइनमनकडे गेले, चौकटीवाल्यांना मी उशीर होईल असे कळवले आणि आम्ही थांबलो. तेवढ्यात आम्ही पाते उतरवले, दातांवरचे कार्बाइडचे कठीण तुकडे तपासले, पात्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या चकत्या पुसल्या आणि नट नव्याने आवळला. पुतण्याने मोटरच्या पुलीवर व पात्याच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने दिशेचे बाण काढले.

लाइनमन दुपारी आला आणि त्याने डीपीवर तारा बदलल्या. थोड्याच वेळात दादांच्या वाडीतून पाणी चढल्याची हाक आली, तरी आम्ही ती पुरेशी मानली नाही. पुतण्याने मोटरचा पट्टा उतरवला, म्हणजे पाते जागचे हलणार नव्हते, आणि बटण क्षणभर दाबून सोडले. पुली थांबत आली तेव्हा ती बाणाच्या दिशेने फिरत होती. मग मेन स्विच बंद करून त्याने पट्टा चढवला, पाते हाताने एक फेरा फिरवून पाहिले, आणि पाचच्या सुमारास पहिली फळी लावली. त्यानंतर मी एक प्रिव्हेंटरही घेतला, जो फेजचा क्रम चुकला असेल तर स्टार्टर लागूच देत नाही. तरीही वीज जाऊन आली की पुतण्या आधी पट्टा उतरवतो आणि पुली पाहतो.