पुन्हा एकटीच? तुम्ही विचारलंत म्हणून

सोमवारी सकाळी ऑफिसात हा प्रश्न ठरलेला. बाइकच्या मडगार्डला चिखल दिसला की पार्किंगमध्येच कुणीतरी गाठतं. "काल पुन्हा एकटीच गेला होतात?" सोसायटीतल्या काकूंच्या विचारण्यात काळजी असते, जुन्या ग्रुपमधल्या मुलांच्या विचारण्यात थोडा राग असतो, आणि भावाच्या विचारण्यात दोन्ही. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतोच: "तुम्हाला नाशिकच्या आसपासचे आतले सगळे रस्ते माहीत आहेत, मग आम्हाला का नाही नेत?" आजवर "बघू", "पावसाळा संपू दे" म्हणत वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बाई असून एकटी जाते, म्हणजे हिला काहीतरी दाखवून द्यायचंय, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला काहीही दाखवून द्यायचं नाही. मला भीती वाटते. खोडाळ्याच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं तेव्हा मी पावणेदोन तास एका मोरीवर बसून होते, फोनला रेंज नव्हती, आणि लांबून येणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज आला की बरं आणि वाईट एकदमच वाटत होतं. निघताना मी फ्रिजवर कागद लावून जाते. गावांची नावं क्रमाने, कुठे किती वाजता पोहोचेन ते, आणि परतायची वेळ. आई तो कागद वाचत नाही, पण तो तिथे आहे याची खात्री करते.

आणि रस्ते मी लपवलेले नाहीत. विचारलं त्याला सांगितलेत, इथेही सांगते. पहिल्यांदा जाणार असाल तर हिवाळ्यात निफाडच्या अंगाने नांदूरमध्यमेश्वरला जा. सपाट रस्ता, द्राक्षबागा, ऊस, घाट नाही. रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. उजाडताना पोहोचलात तर धुक्यात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतात. फक्त त्या भागात कांद्याच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांपासून जपा. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, अंधारात अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही.

हात बसला असेल तर घोटीहून बारीमार्गे भंडारदरा. कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर बारीतून दिसतं, तिथे सगळेच थांबतात. 1926 सालच्या धरणाच्या भिंतीवरही सगळेच थांबतात. खरा रस्ता शेंडीच्या पुढे आहे, पाण्याच्या कडेने मुरशेतवरून घाटघरला जाणारा. सप्टेंबरअखेरीला तिथे उतारांवर खुरासणी फुलते, सगळं पिवळं होतं. सिन्नरहून ठाणगावमार्गे पट्टा किल्ल्याच्या पठारावर गेलात तर पवनचक्क्या लागतात. त्या तिथे का उभ्या केल्यात ते गाडीला आडवा वारा लागला की कळतं. हॅण्डल घट्ट धरू नका, गाडी थोडी हलू द्या. वणी-नांदुरी-अभोणा रस्ता मार्च-एप्रिलमध्ये पहाटे करून बघा, मोहाच्या वासासाठी. पण झाडाखालचा भाग हळू घ्या. मोहाची फुलं चाकाखाली चिरडली की डांबर गुळगुळीत होतं, आणि त्याच झाडाखाली बाया टोपल्या घेऊन वाकलेल्या असतात. पहिने बारी सुंदर आहे, नाकारत नाही, पण जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिथे रस्ता नसतो, नुसत्या गाड्या असतात.

माझा स्वतःचा रस्ता मात्र यातला एकही नाही. गिरणारे, धोंडेगाव, वाघेरा घाट, हरसूल, आणि परत त्र्यंबकवरून. सगळा मिळून शंभरेक किलोमीटरचा फेरा, दुपारच्या जेवणाला घरी. गिरणाऱ्यापर्यंत टोमॅटोचे क्रेट आणि द्राक्षांचे मांडव. तिथून पुढे पश्चिमेला जावं तसा पाऊस वाढतो आणि शेतं बदलतात. मांडव संपतात, भात आणि नागली, म्हणजे नाचणी, सुरू होते. तासाभरात माणूस दोन वेगळ्या मुलखांतून जातो. मला हा रस्ता वळणावळणाने पाठ आहे. हे अभिमानाने सांगत होते मी पूर्वी. याच रस्त्यावर 2018 च्या जुलैमध्ये मी नऊ जणांना नेलं होतं.

तेव्हा मी ग्रुपमध्ये लीड करायचे. नियम आम्ही पाळायचो: पुढे एक अनुभवी, शेवटी एक अनुभवी, मधे नवे, ओव्हरटेक नाही, रिकाम्या रस्त्यावरही हेल्मेट. ग्रुप म्हणजे सुरक्षितता, असं मी नवीन मुलांच्या आईवडिलांना फोनवर सांगायचे. आणि मला लीड करायला आवडायचं. आरशात एकामागे एक दिवे दिसायचे, मी वळले की ते वळायचे. चाळिशीच्या बाईच्या मागे तेवीस-चोवीस वर्षांची मुलं निमूट येतात, याचं मला सुख होतं. ते सुख खोटं नव्हतं, पण त्याची किंमत मला माहीत नव्हती.

आवणीचे, म्हणजे भातलावणीचे, दिवस होते. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताची रोपं लावण्याआधी खाचरात चिखलणी करतात. ट्रॅक्टरला रबरी चाकांऐवजी लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात, केजव्हील म्हणतात त्यांना. एका खाचरातून दुसऱ्या खाचरात जाताना तो ट्रॅक्टर रस्त्यावर येतो आणि पिंजऱ्यातला चिखल ढेकळाढेकळांनी रस्त्यावर पडत जातो. ढेकळं दिसतात, ती चुकवता येतात. पण वर पाऊस पडला की ढेकळं विरघळतात आणि रस्त्यावर बोटभरही जाडी नसलेला साय धरल्यासारखा थर पसरतो. ओल्या डांबरात आणि त्याच्यात रंगाचा फरक इतका थोडा असतो की बघायचं ठरवून बघितलं तरच दिसतो.

घाट चढून गेल्यावर एक डावं वळण आहे, उजवीकडे खाचरं. वळण संपतं तिथेच तो थर होता. मला तो दिसला. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय. मला तो दिसला, मी थ्रॉटल सोडला, ब्रेकला हात लावला नाही, गाडी सरळ ठेवून अलगद पार गेले, आणि डावा हात वर करून दोनदा खाली दाबला. हळू, असा आमचा इशारा होता. मग पुढे निघाले.

थांबायला हवं होतं. गाडी बाजूला लावून वळणाच्या अलीकडे चालत जायला हवं होतं आणि एकेकाला हाताने पार करायला हवं होतं. पाच मिनिटं लागली असती. मी थांबले नाही, कारण हरसूलला पोहेवाल्याला नऊची वेळ दिली होती. आणि दुसरं कारण, जे मी बराच काळ स्वतःलाही सांगितलं नाही, ते हे की ओळ छान चालली होती आणि ती मोडावीशी वाटली नाही.

माझा हात फक्त माझ्या मागच्याला दिसला, फार तर त्याच्या मागच्याला. सहावा मुलगा वळणाच्या पलीकडे होता. ग्रुपमध्ये मागे चालणारा रस्ता बघत नाही, पुढच्या गाडीचा लाल दिवा बघतो. दिवा वाकला की वाकतो, दिवा पेटला की ब्रेक दाबतो. त्याच्या पुढच्याने थरावर ब्रेक दाबला, त्याची गाडी सावरली. याने तो दिवा बघून पुढच्या चाकाचा ब्रेक दाबला.

आरशात दिवे मोजायची मला सवय होती. पाचच होते.

मी परत आले तेव्हा तो रस्त्याच्या कडेला पडला होता आणि उजवी नडगी जिथे वाकायला नको तिथे वाकली होती. खाचरातून बाया धावत आल्या. एकीने डोक्यावरचं इरलं काढलं आणि त्याच्या तोंडावर धरलं, पाऊस डोळ्यांत जाऊ नये म्हणून. स्वतः भिजत उभी राहिली. चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेल्या पायांनी, काही न बोलता, पिकअप येईपर्यंत. ट्रॅक्टरवाल्याने खताची रिकामी गोणी फाडून पट्ट्या केल्या आणि दोन कामट्या लावून पाय बांधला. आमच्याकडे फर्स्ट एडची पेटी होती, तिच्यात बॅण्डेज होतं, पण सगळ्यांचे हात थरथरत होते. त्याचे नव्हते.

आणि मग आमची मुलं त्या माणसावर ओरडायला लागली. रस्त्यावर चिखल आणतोस, अक्कल आहे का, पोलिसांत देऊ. तो हात जोडून उभा राहिला. त्याला त्याच्या खाचरात जायला दुसरी वाट नव्हती, हे मला माहीत होतं. आम्ही तिथे फिरायला गेलो होतो, तो कामावर होता. तरी मी मधे पडले नाही. उलट म्हणाले, "दादा, निदान कुणाला तरी उभं करायचं ना रस्त्यावर." जे मी करायला हवं होतं तेच मी त्याला सांगत होते.

नाशिकला आल्यावर हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर मुलाच्या आईने मला विचारलं, "पुढे तुम्हीच होतात ना? तुम्हाला दिसलं नाही का?"

मी म्हणाले, "पाऊस खूप होता हो."

हे उत्तर आहे माझं. तुम्ही विचारता ना, एकटीच का, त्याचं.

नडगीत रॉड बसला. पाच महिने तो घरी होता, नोकरी गेली, दुसरी मिळाली. त्याने मला एकदाही बोल लावला नाही. मी ग्रुप सोडला तेव्हा सगळ्यांना वाटलं की घाबरले, आणि मी तसं वाटू दिलं, कारण घाबरणं सांगायला सोपं होतं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात मी पुन्हा त्या वळणावर गेले. भात कापून झालं होतं, खाचरं कोरडी होती, रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ. विचारत विचारत त्या माणसाचं घर शोधलं. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत गेले होते. त्याने मला बघताक्षणी ओळखलं आणि आधी विचारलं, "पोरगं चालतंय का आता?" चालतंय म्हटलं. मग कोरा चहा आला. माझं वाक्य राहूनच गेलं, कारण त्याला ते ऐकायचं नव्हतं. त्याला मुलाच्या पायाचं ऐकायचं होतं, रॉड कधी काढणार, जमिनीवर बसता येतं का. निघताना त्यानेही तुमचाच प्रश्न विचारला. "एकलीच आली का?"

आता तुमचं म्हणणंही मला ठाऊक आहे. ग्रुपची चूक नव्हती, एका दिवसाची चूक होती. थांबायची शिस्त लावा, गाड्यांमध्ये अंतर वाढवा, चारच जण न्या. बरोबर आहे. 2018 च्या आधीची मी हेच म्हणाले असते. तिला माझं उत्तर एवढंच की चौघांतही कुणीतरी माझा दिवा बघत येणार, आणि मला पुन्हा पोह्यांची वेळ आठवणार. ती विचारते, आणि तू एकटी पडलीस तर? इरलं धरायला कुणी तरी असेल, पण घरी कळवायला कोण? याला माझ्याकडे उत्तर नाही. फ्रिजवरचा कागद आहे. भाऊ म्हणतो, एकटी जाणं ही तू स्वतःला दिलेली शिक्षा आहे. मी नाही म्हणते. शिक्षा असती तर वाघेऱ्याच्या घाटात पहिल्या पावसात हेल्मेटची काच वर करून मी इतकी खुश झाले नसते. पण मग ही सगळी खुशी मी एकटीने घ्यायची, आणि तुम्हाला कागदावर गावांची नावं द्यायची, हे बरोबर आहे का? काही रविवारी वाटतं आहे, काही रविवारी नाही.

तो मुलगा आता तिशीचा झालाय. पाऊल किंचित बाहेर टाकतो, बारकाईने बघितलं तरच कळतं. गाडी पुन्हा चालवतो. मला दिसलं होतं, हे त्याला मी कधीच सांगितलेलं नाही. हे वाचून कळेल. मागच्या आवणीच्या वेळी त्याचा फोन आला होता. म्हणाला, "ताई, वाघेऱ्याला जाऊ. या वेळी मी पुढे राहतो, तुम्ही माझ्या मागे या."

मी त्याला दोन दिवसांत सांगते म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.