आमचं नाही काढलंस?

कालपासून एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "अगं, त्या पडायला आलेल्या घराचे एवढे फोटो काढलेस, आणि आमचं नाही काढलंस?" काकू भांडत नव्हत्या, चक्क हसत होत्या, म्हणूनच जास्त लागलं बहुतेक.

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजला, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या तिथल्या वसाहतीत, फोटो काढायला गेले होते. एकटीच, कारण विन्याचं ठरलेलं, "सिडकोची घरं बघायला बेलापूरला कशाला, खिडकीतून बघ की", आणि अनघाचं... जाऊ दे. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं हे काम १९८३ ते ८६ मधलं, म्हणजे मी ज्यांच्या मागे फिरते त्या मिड-सेंच्युरी, विसाव्या शतकाच्या मध्यातल्या, इमारतींत धरायला तसं उशिराचंच, पण माणूस त्याच पिढीचा, आर्किटेक्ट प्रवीणा मेहता आणि इंजिनिअर शिरीष पटेल यांच्याबरोबर साठच्या दशकात 'मुंबईला खाडीपलीकडे न्या' म्हणून मागे लागलेला. तेव्हा ते तिघं मागे लागले म्हणून नवी मुंबई झाली आणि आज मी नेरूळला राहते, असंही म्हणता येईल.

तर मला हवं होतं मूळ घर. उतरतं कौलारू छप्पर, आणि सात घरांत मिळून आठ मीटर बाय आठ मीटरचं एक अंगण. आता अशी घरं शोधत फिरावं लागतं. एक सापडलं, कौलांवर शेवाळ, गिलाव्याचे पोपडे सुटलेले, दारात कुणाची तरी ॲक्टिव्हा, आणि मागून डोकावणारा काकूंचा तीन मजली बंगला, चॉकलेटी टाइल्स, स्टीलचं रेलिंग. तो फ्रेममध्ये नको म्हणून मी आधी डावीकडे सरकले, मग गुडघ्यावर बसले, मग पेरूची फांदी बरोबर त्या रेलिंगवर येईल अशा बेताने मान वाकडी केली. आणि हे सगळं काकू त्याच रेलिंगला टेकून वरून बघत होत्या!

घरी येताना ट्रेनमध्ये स्वतःचीच कीव यायला लागली. काय मिळतं मला यातून? भर उन्हात, स्वतःच्या पैशाने, पाठ धरलेली असताना फिरायचं. दिल्लीतलं आर्किटेक्ट राज रेवलांचं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह २०१७ मध्ये रातोरात पाडलं, उरले ते फोटोच ना, ते कुणीतरी माझ्यासारख्यानेच काढलेले. साबरमतीच्या गांधी संग्रहालयात मला कुणी असं विचारलं नव्हतं. तेही कोरियांचंच, १९६३ चं, विटांचे खांब, कौलं, खिडक्यांना काच नाहीच, नुसत्या लाकडी झडपा. मनसोक्त काढले फोटो. अर्थात तिथे कुणी राहत नाही. विचारणार कोण?

पण मला नक्की लागलं काय? काकूंना राग आला असता तर सोपं होतं. त्यांना फक्त आपलं घर फोटोत यावंसं वाटलं, आणि मी ते फांदीमागे लपवत होते.

त्यात गंमत अशी की कोरियांनी ही घरं एकमेकांना भिंती न चिकटवता सुटी बांधली ती ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं म्हणूनच. म्हणजे काकूंनी वाढवलं ते आर्किटेक्टला विचारूनच म्हणायचं. आता मूळ घर पाडून तीन मजले चढवणं म्हणजे वाढवणं नव्हे, हे माझं मत अजूनही आहे, आणि त्या टाइल्सबद्दल मी काही बोलत नाही. पण दादाने बाल्कनी आत घेतली आणि आईला मोठा ओटा मिळाला तेव्हा घरात पेढे आणले होते, आणि मी ते खाल्ले होते. आईचा विषय आज नको.

काकूंच्या बंगल्याचा एक फोटो निघताना काढला होताच, त्यांनी नंबरही दिला होता. आज विन्या झोपल्यावर बसले, उभ्या रेषा सरळ केल्या, आकाश जरा निळं केलं, पाठवला. खरं सांगायचं तर कालच्या सगळ्यांत हाच शार्प आलाय.

लगेच उत्तर आलं. "छान आहे. पण कुंडी अर्धी कापलीस आणि केबलच्या वायरी दिसतायत. सकाळी ये पुढच्या वेळी, ऊन समोरून असतं. आणि ते बाजूचं जुनं घर फोटोत येऊ देऊ नकोस."