आधी जीडीए, मग एएनएम : माझा अनुभव

मी आधी जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणजे जीडीएचा कोर्स केला, त्या पगारावर घराला थोडा हातभार लावला आणि मग एएनएमला, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफच्या कोर्सला प्रवेश घेतला. आमच्या केज, अंबाजोगाईकडं मुली विचारतात, दोन्हींत फरक काय? म्हणून लिहितेय.

जीडीए दहावीवर होतो, काही महिन्यांत संपतो. पेशंट अंथरुणात असतानाच चादर कशी बदलायची, स्पंजिंग, बेडपॅन, भरवणं, ताप-नाडी-बीपी मोजून लिहिणं, कुठला कचरा पिवळ्या पिशवीत आणि कुठला लाल, हे सगळं तिथं शिकले. लकवा झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर माकडहाडाला आणि टाचांना जखमा होतात. इंजेक्शन द्यायचं नाही, सलाईन लावायची नाही, हेही पहिल्याच आठवड्यात सांगतात. पण तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात रात्रपाळीला सिस्टर नसली की "तूच दे गं" असं सहज म्हणतात. मी नाही म्हटलं की तोंडं वाकडी व्हायची. होऊ देत. उद्या काही बरंवाईट झालं तर नाव माझंच येणार होतं.

एएनएमला बारावी लागते, कुठलीही शाखा चालते, वय १७ पूर्ण हवं, आणि हा कोर्स फक्त मुलींसाठी आहे. दोन वर्षं, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. कागदपत्रांसाठी तहसीलच्या चकरा सगळ्यांनाच माहीत आहेत, त्यावर काय लिहायचं!

खरा फरक लसीकरणाच्या सत्रात कळला. बीसीजी म्हणजे क्षयरोगाची लस डाव्या दंडावर, कातडीच्या थरात. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिली, त्यापुढं ०.१ मिली. सुई जरा खोल गेली की फोड उठत नाही, ते लगेच दिसतं. लस २ ते ८ अंशांत ठेवायची. बीसीजी एकदा कालवली की ४ तासांनंतर उरलेली टाकून द्यायची. पेंटा म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीची उघडलेली कुपी मात्र नियम पाळले तर २८ दिवस वापरता येते. हे पाठ करून भागत नाही, कारण आमच्याकडं अर्धं गाव दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातं. पेंटाचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. फडावरून परतलेल्या एका बाईच्या कार्डावर पहिल्याच डोसची नोंद, आणि लेकरू आठ महिन्यांचं. मला वाटलं, आता सगळं पहिल्यापासून. आमच्या ताई म्हणाल्या, "नाही गं, थांबलं तिथून पुढं, दोन डोसांत चार आठवड्यांचं अंतर ठेवून." असे निर्णय जीडीएवालीला घ्यावे लागत नाहीत, आणि तिनं घेऊही नयेत.

बाळंतपणाचंही तसंच. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव कमी करणारं ऑक्सिटोसिन, वार पडली तरी ती पूर्ण आली का ते उलटून-पालटून बघायचं. पहिल्यांदा हात थरथरले, पण बाजूला ताई होत्या.

एक मात्र खरं, अंगाची सेवा जीडीएत जास्त नीट शिकवली. वर्गातल्या बऱ्याच मुली बेडपॅन म्हटलं की मागं सरायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही.

परीक्षा पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होते. जीडीएला प्रमाणपत्र मिळतं, पण ही नोंदणी नाही, आणि सरकारी उपकेंद्रातली एएनएमची जागा नोंदणीशिवाय मिळत नाही. काही संस्था सहा महिन्यांच्या कोर्सला सरळ 'नर्सिंग' म्हणून बोर्ड लावतात, त्याचा मला राग येतो. फी भरण्याआधी कौन्सिलच्या मान्यतेचं पत्र दाखवा म्हणायचं. आढेवेढे घेतले तर उठून यायचं.

धाकटी बहीण यंदा बारावी झाली. ती जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी म्हणतेय, तीन वर्षांचं. इंग्रजी विषय आहे, टक्केही ४० च्या वर आहेत. सरकारीत नंबर लागला तर ठीक, नाहीतर फीचं बघावं लागेल.