बटण आणि दोरा

आज आईच्या शिवणाच्या डब्यात कोटाचे एक जाड काळे बटण सापडले. त्याच्या भोकांतून दोरा ओवून, दोन्ही टोके बोटांत अडकवून, पीळ देऊन ओढताच ते लहानपणीसारखेच भुणभुणू लागले. (दोरा बोटात रुतला, तोही तसाच.) स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश यांच्या चमूने २०१७ मध्ये याच खेळण्यावरून मांडलेली कागदी चकती मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत पोहोचते आणि विजेशिवाय दीड मिनिटात रक्तातील पेशी व रक्तद्रव वेगळे करते, हे वाचल्यापासून मला तिच्याविषयी कुतूहल होते. खर्च अवघा वीस सेंट! पीळ सुटल्यावरही चकती स्वतःच्या वेगाने फिरत राहते, म्हणून दोऱ्याला उलटा पीळ बसतो. माझा दोरा मात्र तिसाव्या ओढीलाच तुटला आणि बटण कपाटाखाली गेले.