उलटी बाजू

जुना फोटो हातात आला की मी आधी तो उलटा करते. समोर कोण बसलंय, कोणाचं नाक कोणावर गेलंय, हे सगळं नंतर. आधी पाठ.

परवा दुपारी भलत्याच कामासाठी उघडलेल्या खोक्यातून एक छोटा फोटो निघाला आणि सवयीने मनगट वळलं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘ही नव्हे, मधली.’ बस्स. नाव नाही, साल नाही. पुढे तीन बायका ओळीने उभ्या, तिघींच्याही चेहऱ्यावर फोटोग्राफरने ‘हलू नका’ म्हटल्यावर येतो तो भाव. आता मधली म्हणजे वयाने मधली की उभ्या राहिलेल्यांतली? आणि ‘ही’ कोण, जिच्यावरून कोणाचा तरी घोटाळा होऊ नये म्हणून हा खुलासा करावा लागला? खोकं उघडलं होतं ते काम राहिलंच. संध्याकाळपर्यंत मी त्या तिघींशी हुज्जत घालत बसले होते.

पाठीवरचं सगळं खरं असतं असं नाही. तिथेही लोक बिनदिक्कत चुकीची नावं ठोकून देतात. पण पुढची बाजू कशी, आपल्यासाठी तयार होऊन बसलेली असते. पाठीला आपण बघणार आहोत हे ठाऊक नसतं.

अर्थात स्टुडिओवाल्यांनी पाठीलाही नटवलं. पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ साली पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या छोट्या फोटोकार्डांचं पेटंट घेतलं, आणि पुढच्या काही वर्षांत ही कार्डं एकमेकांना द्यायचं, अल्बमात भरायचं वेडच लागलं. त्यांच्या पाठी बघत बसाव्यात अशा असतात. वेलबुट्टीतलं स्टुडिओचं नाव, प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची चित्रं, आणि पुष्कळदा खाली बारीक अक्षरात आश्वासन, की निगेटिव्ह जपून ठेवली आहे, आणखी प्रती केव्हाही मिळतील. केव्हाही! काय हा आत्मविश्वास.

पुढून बघायचंच झालं तर मी कडेकडेने बघते. त्या काळच्या उभ्या माणसांच्या बुटांमागे नीट पाहिलं, तर कधीकधी आणखी एक लोखंडी पाय दिसतो. तो मान धरून ठेवायच्या स्टँडचा. काही सेकंदसुद्धा डोकं हललं तर चेहरा पुसट व्हायचा, म्हणून मागून चिमटा. (हे मेलेल्या माणसाला उभं करायचं साधन होतं, असं लोक डोळे मोठे करून सांगतात. तसं काही नाही. ते जिवंत माणसाची चुळबुळ थांबवायचं साधन. मेलेल्याला कुठली आलीय चुळबुळ, आणि त्याचं वजन त्या स्टँडला पेललंही नसतं.) तो लोखंडी पाय दिसला की समोरच्या करारी चेहऱ्याबद्दल मला एकदम माया वाटायला लागते.

आणि फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक, त्या दागेरचा १८३८चा फोटो. बुलवार द्यु ताँप्ल, पॅरिसमधला वर्दळीचा रस्ता, वरच्या खिडकीतून टिपलेला. एक्स्पोजर इतकं लांबलं की चालती माणसं, गाड्या, सगळं विरून गेलं आणि रस्ता ओस दिसतो. खाली कोपऱ्यात मात्र एक जण पाय वर ठेवून बूट पॉलिश करून घेत उभा राहिला, तो उरला. ठळक दिसणारा फोटोतला पहिला माणूस म्हणून बहुतेक ठिकाणी त्याचंच नाव घेतात, म्हणजे नाव माहीतच नाही, पण त्याला मान देतात. त्याने ना केस विंचरले, ना श्वास रोखला. बूट चमकले की नाही एवढीच त्याची चिंता असणार.

लहानपणी आमच्या आत्याकडे काळ्या पानांचा अल्बम होता. सुट्टीत दुपारी सगळे आडवे झाले की ती तो काढायची. आधी हात धुऊन, पुसून, मग पुन्हा पुसून यायचं. पान वरच्या कोपऱ्याला धरूनच उलटायचं. दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी छापलेला बटर पेपर असायचा, तो उचलताना जो सरसर आवाज व्हायचा, त्यासाठी मी कितीही वेळा हात धुतले असते. फोटो डिंकाने डकवलेले नव्हते. चारी बाजूंना कागदी कोपरे चिकटवून त्यात खोचलेले. एका पानावर नुसतेच चार कोपरे होते. फोटो नाही. कडेचं पान विटून करडं झालेलं, आणि कोपऱ्यांच्या आत तेवढाच चौकोन अगदी नव्यासारखा काळाकुळीत. मी विचारलं, इथे कोण होतं? आत्या म्हणाली, पुढे बघ, पुढे तुझ्या बाबांचा शेंबडा फोटो आहे. तो होताच, आणि फर्मास होता. पण त्या अल्बमातलं मला आज सगळ्यात स्वच्छ आठवतं ते तेच पान.

माझी ही खोड फोटोंवर थांबली असती तर बरं झालं असतं. जुना कपडा दिसला की मी तो उलटा करते. दुकानदार समोरून बटणं, नक्षी, कापडाचा पोत दाखवत असतो आणि मी अस्तरात डोकं घालून. शिवणीत किती माया सोडलीय? बेतून शिवणारा शिंपी ती भरपूर सोडायचा, कारण माणूस सुटणार, पोर वाढणार आणि कपडा मात्र तोच राहणार, हे गृहीतच होतं. झग्याची खालची दुमड उसवून लांबी वाढवलेली असली, तर जुन्या घडीची रेघ जात नाही. एखाद्या झग्याला अशा एकाखाली एक रेघा असतात, आणि मग त्या मुलीची उंची कशी वाढत गेली ते मोजायला वेगळी भिंत लागत नाही. शर्टाची कॉलर झिजली की उसवून उलटी बसवत, तो झिजका भाग आतल्या अंगाला जाई. बाहेरून कोणाला पत्ता लागू नये म्हणून केलेला हा खटाटोप, आणि इतक्या वर्षांनी मी नेमकी तिथेच बोट घालून बघते. बरं दिसत नाही ते, कळतं मला.

लाकडी सामानाचं तेच. कपाटाचा खण बाहेर काढून पालथा करावा. तळाला पॉलिश नसतं, रंधा नीट फिरवलेला नसतो, आणि नशीब असेल तर सुताराची पेन्सिलीची खूण असते. स्क्रू काढून बघू दिला तर फारच छान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीचे लाकडात पिळायचे स्क्रू बहुतेक बोथट टोकाचे, आधी भोक पाडून मगच बसवायचे. हल्ली नव्या लाकडावर साखळ्या आपटून, भोकं पाडून त्याला जुनं करतात. त्याबद्दल मी बोलायला लागले की घरचे उठून जातात, म्हणून इथेच थांबते.

रंगीत फोटोंवरही माझा जरा राग आहे. सत्तरच्या दशकातले कितीतरी प्रिंट आज लाल पडलेत. त्यातला निळसर हिरवा रंग आधी उडतो, अल्बम मिटून अंधारात ठेवला तरी, आणि मागे उरतो लालपणा. पणजीची पणजी काळ्यापांढऱ्यात शाबूत, आणि आम्ही मात्र सगळे उन्हातून धावत आल्यासारखे.

आता अडचण अशी आहे, की माझ्याकडे एक लोकरीचा कोट आला आहे. बाईचा, जाड, गुडघ्याच्या खाली येणारा. आतून तर काय सांगू. काखेत अस्तराला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ, कसरीने खाल्लेल्या जागी इतकं बारीक रफू की ते नखाला कळतं, डोळ्याला नाही. एका खिशाच्या तळाशी लोकरीची गोळी आणि कसल्या तरी कागदाचा पार लगदा. कोणीतरी तो सगळ्या बाजूंनी वापरला, फाटला तिथे शिवला, पुन्हा वापरला. मला तो आवडतो तो यासाठीच.

आणि मला तो दंडात होत नाही. शिवणीत माया आहे, उसवून सोडवता येईल. पण उसवलं की त्या जुन्या टिपा गेल्या, ठिगळ हललं. न उसवता ठेवला तर वापरलेल्या वस्तूंवर प्रेम करणारी मी, तो वापरणं बंद करणारी पहिलीच बाई ठरते. शिंपी म्हणाला, बाई, एका तासाचं काम आहे, एवढा काय विचार करताय. थंडी पडली की बघू म्हणून परत आणलाय.