माती बिकानेरची का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. परवा एक बाई मी घडवलेला मग हातात घेऊन म्हणाल्या, "सांगलीत, कृष्णाकाठी राहता आणि माती बिकानेरहून मागवता?" वर्षातून दहादा तरी हे ऐकते आणि दर वेळी जरा ओशाळते. कारण मातीचा नाद मला लावला तो कृष्णेनंच.

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, जवळ आला की शेजारच्या कुंभारकाकूंच्या पडवीत मातीच्या बैलांच्या रांगा लागायच्या. मी सात-आठ वर्षांची. वशिंडं लावायचं काम माझं. बैल कच्चेच विकले जायचे, मडकी मात्र आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, भाजायची. मडक्यांच्या मातीत राख आणि घोड्याची लीद मळायची, त्यामुळे घरी गेल्यावर आई मला आधी नळाखाली उभी करी.

आव्याची आच सात-आठशे अंशांची. ती या मातीला मानवते. माझी गॅसची भट्टी १२४० पर्यंत जाते. शिकून आले त्या पहिल्याच वर्षी मोठ्या तोऱ्यात कृष्णेच्या मातीचा गडू तीत ठेवला. दोन दिवसांनी दार उघडलं तर गडू गायब! शेल्फवर काकवी सांडावी तसा काळा चकचकीत थर. काळ्या कातळाची झीज होऊन आलेली ही माती, लोह भरपूर. एवढ्या आचेला ती टिकत नाही, पाघळते. आठवडाभर छिन्नीनं शेल्फ खरवडत बसले. तेव्हापासून बिकानेरची बॉल क्ले ही चिकणमाती. गोरी, सोशिक, कामाला चोख. पण तिच्याशी माझं अजून अहो-जाहोच आहे.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर शेड उघडली, तर फळीवरच्या कच्च्या भांड्यांचा पुन्हा चिखल झालेला. भाजलेली गाळात रुतली होती, धुतल्यावर जशीच्या तशी. सहाशे अंशांपुढे गेलेली माती परत पाण्यात विरघळत नाही, हे मुलांना शंभरदा शिकवलं असेल. कळलं त्या दिवशी. सगळी गल्ली गाळ बाहेर टाकत होती आणि मी दोन बादल्या भरून आत ठेवत होते. नवऱ्यानं पाहिलं, काही बोलला नाही.

तो गाळ ऐंशी नंबरच्या बारीक चाळणीतून गाळला, एकदा भाजलेल्या पांढऱ्या मगांना लावला आणि पुन्हा १२४०. या वेळी पाघळला तो मगावरच, झिलई होऊन. जाड बसला तिथं ढेपेच्या गुळासारखा काळसर, काठाला पातळ तिथं मधासारखा. आता दुसरी बादली तळाला गेलीय. नवी कुठून आणायची, हे मोठ्यानं म्हणवत नाही.

बाईंच्या हातातला मग त्यातलाच. त्यांनी तो उलटा करून पाहिला. बुडाला लेप नसतो, तिथं पांढरी माती दिसते. "म्हणजे आतून बिकानेर, वरून सांगली," म्हणाल्या, आणि भाव निम्म्यावर आणून मागितला.